बोक्याचे ठोके

आमच्या बोक्याला नाव नाही, कारण सासूबाई त्याला 'ते' म्हणतात. 'ते जेवले का?', 'ते बाहेर गेलेत, दार लावू नकोस', 'त्यांना पंखा लागतो'. सासरे होते तोवर हीच वाक्यं सासऱ्यांसाठी होती. सासरे गेले, आणि वर्षभरात खारीगावाच्या बाजूने कुठून तरी एक पिवळा बोका कंपाउंडच्या भिंतीवरून आला, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर पोचला आणि सासऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. सासूबाईंनी वाक्यं तशीच पुढे चालू ठेवली. नवऱ्याला सुरुवातीला ते खटकायचं. मी त्याला म्हटलं, तुझे बाबा त्या खुर्चीत बसून दिवसभर काय करायचे ते आठव, फारसा फरक पडलेला नाही.

गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला येताना सासूबाईंनी जी नाराजी बरोबर आणली होती, ती वीस वर्षांत कमी झाली नव्हती. इथलं पाणी जड, इथली भाजी महाग, इथे कुणी कुणाला ओळखत नाही. सकाळी आठला नवरा आणि मी कामाला निघालो की संध्याकाळी सातपर्यंत घरात त्या एकट्या. बोका आल्यापासून मात्र इथलं पाणीसुद्धा त्यांना हलकं लागायला लागलं. दुपारी फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, "हळू बोल, ते झोपलेत." त्या बोक्याला काही झालं असतं तर त्या खुर्चीसमोर पुन्हा रिकाम्या दुपारी बसणं सासूबाईंना झेपलं नसतं. हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी बोक्यावर फारशी चिडत नसे, त्याने माझ्या दोन साड्यांची वाट लावली होती तरीही.

मग एके दिवशी 'ते' जेवेनात. बांगड्याचा तुकडा तोंडात घ्यायचे आणि तो खाली पडायचा. हनुवटीवर लाळ यायची, ताटलीपासून हातभर लांब बसून तिच्याकडे नुसते बघत राहायचे. सासूबाईंनी लवंगेचं तेल काढलं. बोक्याने वासानेच काढता पाय घेतला आणि मी बाटली काढून घेतली. भाजीच्या एका प्लास्टिकच्या टोपलीत बोका, वर दुसरी टोपली पालथी, दोन्हींना परकराची नाडी बांधलेली, अशी वरात आम्ही रिक्षाने पेणकरपाड्याच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंकडे नेली. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "आंटी, अंदर मुर्गी है क्या?" सासूबाईंना राग आला. "मुर्गी काय को होगा, घर का माणूस है," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिने आधी केसपेपरसाठी नाव विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नाव नाही घेत मी त्यांचं." पोरगी शहाणी होती. तिने 'बोका, पिवळा' असं लिहिलं आणि पुढे गेली. तोंड उघडून बघितलं. हिरड्या लालभडक, मागचे चार दात किडलेले. "हे काढावे लागतील आजी, त्याशिवाय हा खाणार नाही. भूल द्यायला लागेल." मग तिने छातीला नळी लावली, आणि ती बराच वेळ काढलीच नाही.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी मीरा रोडच्या एका नर्सिंग होममध्ये ईसीजी काढते. हातापायांना चिमटे लावायचे, छातीवर रबरी फुगे बसवायचे, मशीन चालू करायचं, कागद फाडायचा. चोवीस वर्षं माणसांची हृदयं कागदावर उतरवून माझा असा समज झाला होता की हृदयातलं मला कळतं. डॉक्टरची नळी एकाच जागी जास्त वेळ थांबली की काय ते मला माहीत होतं. मी विचारलं, "ठोके किती आहेत?"

"दोनशे दहा," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठलेच. आमच्याकडे दीडशे झाले की धावाधाव सुरू होते.

"मांजर आहे काकू," ती शांतपणे म्हणाली. "आणि घाबरलेलं मांजर आहे. एवढे चालतात. मला काळजी आवाजाची आहे. लब-डबच्या मध्ये फुसफुस ऐकू येतेय."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगितलं, "ही पण हृदयाचंच काम करते." त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला बावीस वर्षांच्या संसारानंतरही ओळखता आलं नाही.

डॉक्टरीणबाईने मग आम्हाला नीट समजावलं. बोका जागेपणी कुणाला हात लावू देणार नाही, मग सरळ झोपेचं इंजेक्शन देऊन मशीनवर हृदय का बघू नये, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "इंजेक्शन नुसतं झोपवत नाही, ते हृदयालाही हात घालतं. एका औषधाने ठोके निम्म्यावर येतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दुसऱ्याने ठोके पळायला लागतात. तिसऱ्याने प्रेशर पडतं. तंदुरुस्त हृदय हे सगळं सोसतं. पण याच्या हृदयाची भिंत जाड झाली असेल, तर त्याला काय सोसेल ते आधी कळायला हवं. आणि इंजेक्शन दिल्यावर मी हृदय बघितलं, तर मला त्याचं हृदय दिसतंय की औषधाचा परिणाम, हे कसं सांगणार?"

त्यावर उपाय असा ठरला की घरूनच एक साधी कॅप्सूल द्यायची. तिने बोका सुस्तावेल, पण हृदयात फार ढवळाढवळ होणार नाही. गुरुवारी दवाखान्यात एक डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन येतात, ते हृदय बघतील. हृदय बरं निघालं तर त्याच दिवशी भूल देऊन दात काढायचे. "म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवा," ती म्हणाली. "भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते."

उपास म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा खुलला. या विषयात त्यांना शिकवू शकेल असा माणूस भाईंदरमध्ये नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, शिवाय कुणासाठी तरी बोललेले आणि ते काम होऊन गेल्यावरही न सुटलेले उपास. "उपासाचं माझ्यावर सोड," त्या मला म्हणाल्या, आणि मी सोडलं.

गुरुवारी सकाळी कॅप्सूल पोटात गेल्यावर दोन तासांनी बोका लग्नात दोन पंगतींना बसलेल्या माणसासारखा चालायला लागला. टोपलीत आपण होऊन गेला. दवाखान्यात त्याच्या छातीवरचे केस काढले, जेल लावलं, तरी त्याने नुसती शेपटी हलवली. मशीनच्या डॉक्टरांनी सगळं मोजून सांगितलं की डाव्या बाजूची भिंत हवी त्यापेक्षा जाड आहे. रक्त अजून बरं फिरतंय, फुप्फुसात पाणी नाही.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे हृदय आजारी आहे, पण काम करतंय," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"दात नाही काढले तर?"

"हळूहळू खाणं बंद होईल."

"आणि काढले तर?"

"भुलीत धोका आहे आजी. औषधं निवडून, थोडी थोडी देऊन मी तो कमी करू शकते. अजिबात नाही असं म्हणणार नाही."

सासूबाईंनी बोक्याकडे बघितलं. त्याने डोळे अर्धे मिटले होते. "काढा," त्या म्हणाल्या. "भरल्या घरात उपाशी मरण नको."

कागदावर सही झाली. डॉक्टरीणबाईने हातमोजे घातले आणि सहज विचारलं, "रात्रीपासून पोटात काही नाही ना?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "कडक उपास. फक्त सकाळी वाटीभर दूध."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं.

"दूध चालतं उपासाला," सासूबाईंनी समजावून सांगितलं. "शेंगदाण्याचं कूट त्यांना आवडत नाही, नाहीतर लाडू दिला असता."

डॉक्टरीणबाईने हातमोजे काढले. हसू लपवायला ती बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली. दात पुढच्या गुरुवारवर गेले. घरी पोचल्यावर मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या साहेबाने येऊन काय झालं म्हणून विचारलं.

मधल्या आठवड्यात आम्हाला एक काम लावून दिलं होतं. बोका गाढ झोपला की मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. तीसच्या खाली हवेत, वर गेले तर लगेच कळवायचं. सासूबाईंनी त्यासाठी जपाची माळ काढली. समोर भिंतीवरचं घड्याळ, मांडीवर बोका, पोट एकदा वर आलं की एक मणी पुढे. मिनिट झालं की मणी मोजून कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी आकडा. बावीस, चोवीस, तेवीस. एका दुपारी त्यांचा फोन आला, "एक्केचाळीस." मी एका पेशंटला दुसऱ्या मुलीच्या हवाली करून रिक्षाने घरी पोचले. बोका खिडकीत बसून कबुतराकडे बघत होता. "झोपलेला असताना मोजायचं ना, आई?" मी म्हटलं. "झोपले नव्हते म्हणूनच तर काळजी वाटली," त्या म्हणाल्या. मी रिक्षाने परत कामावर गेले.

दुसऱ्या गुरुवारी बोक्याच्या पोटात काही नव्हतं. सासूबाईंच्याही नव्हतं. सोबत म्हणून त्यांनी निर्जळी धरला होता. शुगर आहे, गोळी घ्यायची असते, हे मी सांगून बघितलं. त्यांनी गोळी कोरडीच गिळली आणि टोपली उचलली.

दवाखान्यात टेबलाजवळ एकालाच उभं राहता येणार होतं. सासूबाई बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा आत. तुला कळतं."

बावीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. भाकरी, भाजी, पाहुणे, मुलीचं शिक्षण, यांतल्या कशातही मला काही कळत असल्याचा उल्लेख आजवर झाला नव्हता. मी पदर खोचून आत गेले.

इंजेक्शन अगदी थोडं होतं. बोक्याची मान हळूहळू टेबलावर टेकली. मग भुलीच्या वायूची नळी, जिभेला चिमटा, पुढच्या पायाला प्रेशर मोजायचा बोटभर रुंदीचा पट्टा. मशीनवर आकडा दिसायला लागला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. एकशे ऐंशी. एकशे चाळीस. एकशे दहा. ब्याण्णव. आठवडाभर ज्या आकड्यांनी माझा जीव टांगणीला लावला होता, ते शेवटी माझ्या ओळखीच्या जागी आले. मी दार ढकलून बाहेर आले. "ब्याण्णव," मी सासूबाईंना सांगितलं. "एकदम नॉर्मल. शांत झोपलाय." त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

मी परत आत गेले तेव्हा डॉक्टरीणबाई आकड्याकडे बघतच नव्हती. तिने बोक्याचा ओठ वर केला होता आणि ती हिरडी बघत होती. सकाळची लाल हिरडी आता फिकी दिसत होती.

"एवढे खाली यायला नको होते," ती मदतनीस बाईला म्हणाली. "प्रेशरपण पडतंय. वायू कमी कर. उतारा भर."

"ब्याण्णव कमी आहेत?" मी विचारलं.

"मांजराला कमी आहेत, काकू. याच्या हृदयाला तर फारच. थोडा वेळ बाहेर बसा, प्लीज."

मी बाहेर आले आणि सासूबाईंच्या शेजारी बसले. त्यांचे डोळे मिटलेले होते, चेहरा निवांत. तो निवांतपणा माझ्या चुकीवर उभा होता. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि त्यातलं जास्त काय होतं ते आज सांगता येणार नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. कागदावर काय आलंय ते टेक्निशियनने नातेवाईकांना सांगायचं नाही. 'डॉक्टर सांगतील' एवढंच म्हणायचं. नियम चांगला आहे, आम्ही डॉक्टर नाही. सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना आमच्याच नर्सिंग होममध्ये आणलं होतं आणि ड्यूटीवर मीच होते. चिमटे मी लावले, कागद मी फाडला. तो कागद वाचायला चोवीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून खाली येत होते. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." डॉक्टरांनी येऊन जे करायचं ते सगळं केलं, आणि मग बाहेर जाऊन सांगितलं, तोवर सांगण्यासारखं एकच उरलं होतं. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

बाकावर किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. आतून मशीनचा आवाज येत होता, लांब लांब अंतराने.

"आई," मी म्हटलं, "मघाशी माझं चुकलं. ब्याण्णव माणसाला ठीक असतात, मांजराला कमी. त्याचं हृदय फार मंदावलंय, प्रेशर पडलंय. त्या उताऱ्याचं इंजेक्शन देतायत. वाचेल की नाही, मला माहीत नाही."

सासूबाईंनी डोळे उघडले. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, त्यासाठी मी तयारही होते.

"मला शंका आलीच होती," त्या म्हणाल्या. "तू हसत बाहेर आलीस. खरंच काही कळलेलं असतं तेव्हा तू हसत नाहीस."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या वेळी नव्हती हसलीस."

"नियम असतो, आई. आम्हाला सांगता येत नाही."

"असेल. मी नाही म्हणत नाही." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मी आपली दाराशी उभी राहिले. वाटलं, आत गेले तर तुमच्या कामात अडचण होईल. तू सांगितलं असतंस तर आत गेले असते गं. हात धरला असता. दुसरं काय करणार होते मी?"

सासूबाई उठल्या, चपला बाकाखाली काढून ठेवल्या आणि दार ढकलून सरळ आत गेल्या. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणायला लागली होती, मग तिने राहू दिलं. अर्धवट उघड्या दारातून मला दिसत होतं की सासूबाईंनी टेबलाच्या कडेला उभं राहून बोक्याचा मागचा पाय, जो कुणाच्या कामाचा नव्हता, तेवढा मुठीत धरलाय. त्या काहीतरी बोलत होत्या. बहुतेक पंख्याबद्दल असावं.

मशीनचा आवाज हळूहळू जवळ जवळ यायला लागला. एकशे पाच, एकशे वीस, एकशे पस्तीस. यावेळी मी कुणाला काही सांगितलं नाही, सांगायला बाहेर कुणी उरलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईने सगळ्यात वाईट होते ते दोनच दात काढले आणि बाकीच्यांना हात लावला नाही. संध्याकाळी बोक्याने डोळे उघडले, टोपलीच्या जाळीतून माझ्याकडे अत्यंत तिरस्काराने बघितलं, आणि मला रडू आलं.

रिक्षात सासूबाईंनी टोपली मांडीवर घेतली होती. दिवसभराच्या निर्जळीने ओठ सुकले होते, पण पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाल्या, घरी गेल्यावर. मग विचारलं, "किती दिवस आहेत यांच्याकडे? डॉक्टरीण तुझ्याशी बोलत होती मघाशी."

मी तिने सांगितलं तसंच सांगितलं. रोज गोळी दिली तर वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. एखाद्या दिवशी अचानकही जाईल. आधी कळेलच असं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. नाक्यावर सिग्नल लागला, रिक्षा थांबली, सुटली. आमची गल्ली आल्यावर त्या पुन्हा बोलल्या, टोपलीकडे बघतच. "माझा कागद काढायची वेळ येईल तेव्हा ड्यूटीवर तूच असशील. काय आलंय ते तेव्हा मला सांगायचं. आणि त्यालाही बाहेर उभं ठेवायचं नाही, आत बोलवायचं."

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी हो म्हटलं.